इंग्लंडातला उन्हाळा: तुम्ही कसा काढलात?

रेडिंगची_सून
आज सकाळी उष्णतेचा अंबर अलर्ट आला म्हणून नवऱ्याने लॉफ्टमधून पंखा खाली काढला, तर त्याच्या जाळीला अजून सुतळीचा तुकडा बांधलेला. सासऱ्यांनी ओला पंचा अडकवायला बांधला होता तो. जुलै २०२२ एकदम आठवला!

सासूसासरे अकोल्याहून खास थंड हवेत उन्हाळा काढायला आलेले, बॅगेत स्वेटर आणि कानटोप्या. आणि मेट ऑफिसने, म्हणजे इथल्या हवामान खात्याने, उष्णतेची रेड वॉर्निंग दिली, १८ आणि १९ जुलैसाठी, इतिहासातली पहिलीच. बाबा हसायलाच लागले, आमच्याकडे ४५ ला लग्नं लागतात म्हणे, वरात पण निघते. सोमवारी दुपारी बागेत टोपी घालून चहा पीत बसले, शेजारीण पडद्याआडून बघत होती. पण त्यांची झोपायची सोय वर लॉफ्टच्या खोलीत ना. रात्री अकराला उशी घेऊन खाली आले नि स्वयंपाकघराच्या टाइल्सवर आडवे झाले. "सूनबाई, हे घर नाही, थर्मास आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी घराचा ताबा घेतला. ऊन चढायच्या आत सगळ्या खिडक्या बंद, पडदे बंद, आणि दक्षिणेकडच्या खिडकीवर बाहेरून ओली चादर. बाहेरून हं, आतून नाही, ऊन काचेच्या आत आलं की मग पडदा लावून फारसा उपयोग नाही असं त्यांचं म्हणणं. अख्ख्या गल्लीत खिडक्या सताड उघड्या आणि आमचंच घर सुतक असल्यासारखं बंद. त्या दिवशी लिंकनशरमध्ये कोनिंग्सबीला ४०.३ झालं, आम्ही खालच्या खोलीत ताक पीत पत्ते खेळत होतो.

तुमचेही अनुभव येऊ द्या, युक्त्या असतील तर त्या पण.

कांदेपोहे
ऑफिसात हमखास येणारं वाक्य, "यू मस्ट बी यूज्ड टू धिस". अरे बाबा तिथे फरशी असते, डोक्यावर पंखा असतो, भिंतीला झरोका असतो. इथे अंगाखाली कार्पेट. ३४ डिग्रीत कार्पेटवर अनवाणी चालून दाखवा मग बोलू

नागपुरी_संत्रं
बाबांना साष्टांग नमस्कार सांग गं. अकोलेकर नि आम्ही नागपूरकर उन्हाबद्दल आजन्म भांडणार पण चादर बाहेरून हे शंभर टक्के खरं.

माझा नवा फ्लॅट, पश्चिमेला भिंतभर काच. बघायला गेलो फेब्रुवारीत, एजंट म्हणाला लव्हली लाइट. हो लव्हलीच, जूनमध्ये तो लाइट रात्री सव्वानऊपर्यंत थेट सोफ्यावर. खिडकी चार बोटं उघडते, त्यापुढे जात नाही, कोणी पडू नये म्हणून अडसर आहे म्हणे. बाहेर काही टांगायला परवानगी नाही. नागपूरला कूलरची गवताची पॅड बदलली की अर्धा उन्हाळा जिंकला, इथे कूलर कुठून आणू, आणि एवढ्याशा बंद घरात तो लावला तर दमटपणाने अजून जीव जाईल. मी तर २०२२ च्या त्या मंगळवारी सुट्टी न घेता ऑफिसला गेले, एसीसाठी. बॉसला वाटलं काय निष्ठा आहे

चिमणराव_क्रॉयडन
@नागपुरी_संत्रं आमच्या ऑफिसात त्या दिवशी एवढी हजेरी होती की बसायला जागा नव्हती हाहाहा

रुळावरचा_डार्बी
रेल्वेत आहे म्हणून लिहितो, कारण दर उन्हाळ्यात व्हॉट्सॅपवर भारतातले मामा विचारतात की आमची राजधानी ४५ ला धावते, तुमच्या गाड्या ३० ला कशा लंगडतात. मामा, लोखंड तेच आहे. सांधे नसलेला लांब रूळ बसवताना तो ताणून ठेवतात, एका ठरावीक तापमानाला त्याच्यावर ना ताण ना दाब असा. ब्रिटनमध्ये ते तापमान २७ अंश धरलंय, भारतात बरंच जास्त धरतात. उन्हात रूळ हवेपेक्षा २० अंशांनी तरी गरम होऊ शकतो, म्हणजे हवा ३५ तर रूळ पन्नाशीच्या पुढे, मग तो वाकडा होऊ बघतो. म्हणून वेग कमी करायचा, मोक्याच्या जागी रूळ पांढरे रंगवायचे. सरळ जास्त तापमानाला का नाही ताणत? मग जानेवारीच्या थंडीत तुटेल ना. २०२२ च्या १९ जुलैला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून यॉर्क, लीड्सकडे गाड्याच नव्हत्या, त्याच्या आदल्या दिवशी लूटन विमानतळाच्या धावपट्टीचा पृष्ठभाग उचकटला होता. घरांचंही तेच आहे, सगळं थंडी धरून बांधलेलं.

माझी ड्यूटी होती, नारिंगी जाकीट, पूर्ण बाह्या, हेल्मेट. बायकोने डब्यात दहीभात आणि जाकिटाच्या खिशात कांदा दिला. इंग्रज मुकादमाने विचारलं हे काय, म्हटलं सेफ्टी इक्विपमेंट.

कांदेपोहे
सेफ्टी इक्विपमेंट!! मेले हसून. (माझ्या आयडीचा मान राखलात)

कार्डिफचे_आजोबा
तुम्ही सर्व मुले लहान आहात. आम्ही १९७६ पाहिला आहे. जून अखेरपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत सलग १५ दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे ३२ च्या वर तापमान होते, आणि त्याआधीचा हिवाळाही कोरडाच गेलेला. आमच्या साउथ वेल्समध्ये संध्याकाळी नळ बंद, सकाळी सुरू. शेजारी हवालदिल. आम्ही उभयता गिरगावातल्या चाळीत वाढलेले, आम्हाला त्यात विशेष काय? सौ.ने पातेली, कुकर, चहाची किटली, मुलीचा प्लॅस्टिकचा टब सगळे भरून ठेवले. शेजारच्या मिसेसबाई रात्री केटल घेऊन आमच्या दारात पाणी मागायला. त्यांच्या घरी एक बादली, तीही फरशी पुसण्याची. सौ.ने त्यांना तांब्याने अंघोळ कशी करतात ते समजावून दिले, पुढे त्या दोघींची चांगली मैत्री झाली. त्या काळी घोषवाक्य होते की मित्रासोबत अंघोळ करा, पाणी वाचवा. सौ. म्हणाली हे आमच्याकडे चालायचे नाही. आणि लेडीबर्ड किडे! रस्ते, कपडे, खिडक्या लाल. वाळत घातलेला परकर झटकल्याशिवाय घालता येत नसे.

ऑगस्टअखेर डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमले आणि काही दिवसांतच पाऊस कोसळला. असा मंत्री मराठवाड्याला हवा होता.

रेडिंगची_सून
आजोबा, काय सुंदर लिहिलंत. आजींना नमस्कार सांगा. अजून लिहा ना त्या दिवसांबद्दल

कार्डिफचे_आजोबा
लिहीन. आता बागेला पाणी घालायचे आहे, बंदी येण्याआधी.

ठमाकाकू
बाहेरून चादर लावायची सोय नसेल तर काचेला दही फासा. चेष्टा नाही, लफबरो विद्यापीठात प्रयोग केलाय, बाहेरून पातळ थर दिला तर आतलं तापमान थोडं उतरतं. मी कन्झर्व्हेटरीला, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीला, फासलं. वास वाळेपर्यंतच येतो. सासूबाई फोनवर म्हणाल्या त्या दह्याचं श्रीखंड झालं असतं

पिंपळपान
मी हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करते, फार वेळ नाही, पण एक लिहायचं होतं. इंग्लंडात २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेने तीन हजारांच्या जवळपास जास्तीचे मृत्यू झाले, बहुतेक वयस्कर. त्यांना तहानच लागत नाही आणि रात्री बाथरूमला उठायला नको म्हणून पाणीही पीत नाहीत. अंगात मात्र कार्डिगन. शेजारी कोणी एकटं राहत असेल तर दुपारी एकदा बेल वाजवा. जमलं तर हातात सरबताचा ग्लास घेऊनच जा, पाणी नको म्हणतात पण सरबताला कोणी नाही म्हणत नाही.

नागपुरी_संत्रं
@पिंपळपान खरंय गं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मार्गारेट आजी, ८९. आज जाऊन येते.

ट्यूबमधला_घाम
लंडनच्या ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने रोज जाणाऱ्यांनो हात वर करा. खोल बोगदे, एसी नाही, आणि शंभर वर्षं गाड्यांच्या ब्रेकची उष्णता भोवतालच्या चिकणमातीत मुरलीये ती आता बाहेर कुठे जाणार. मी लांबचा वळसा पडला तरी एलिझाबेथ लाइन घेतो, एसी आहे. डिस्ट्रिक्ट, मेट्रोपॉलिटनला पण आहे. विरार लोकलला दारात उभं राहून वारा तरी मिळायचा

चिमणराव_क्रॉयडन
वारा आणि कोपरं दोन्ही

साताऱ्याची_मी
विषय थोडा वेगळा पण पन्ह्यासाठी कैरी कुठे मिळते? इथे एक्सेटरला देशी दुकान नाहीये. आणि मुलांच्या शाळेतून मेल आला की ब्लेझर काढायला परवानगी आहे. परवानगी!! ३२ डिग्री आहे

ठमाकाकू
कैरी कशाला, रुबार्ब घे, आंबट देठांची भाजी असते ती. मे-जूनमध्ये पोत्याने मिळतो, शेजारी फुकट देतात. उकडून गाळून घे, गूळ, वेलची, मीठ, किंचित केशर. पानं मात्र फेकून द्यायची, विषारी असतात. मेथांबा पण झकास होतो

साताऱ्याची_मी
काकू गूळ किती? आणि देठाचे दोरे निघतात त्याचं काय

ठमाकाकू
दोरे गाळण्यात जातात. गूळ गराच्या दीडपट घाल, रुबार्ब कैरीपेक्षा आंबट असतो, मग चाखून वाढव. लाल देठ घेतलास तर रंग गुलाबी येतो, पाहुण्यांना कोकम वाटतं

चिमणराव_क्रॉयडन
कोणाला पोर्टेबल एसी हवा असेल तर आहे माझ्याकडे, एकच उन्हाळा वापरलेला, २०२५ चा. नळी खिडकीतून बाहेर काढावी लागते आणि त्या फटीतून तेवढीच गरम हवा आत येते. आवाज गिरणीचा.

नागपुरी_संत्रं
ही जाहिरात आहे की धमकी? खिडकी चार बोटं उघडते माझी, नळी जाईल का?

चिमणराव_क्रॉयडन
नाही जाणार. पण दाखवायला येतो, पन्हं ठेव.