हंगेरी : 45 टक्के मतांत दोन तृतीयांश जागा कशा? अन् 1920 चा तह अजून का चालतो?

अभ्यासिका_आर्णी
शनिवारी गावच्या अभ्यासिकेत हंगेरीवर पाऊण तास बोलायचं आहे. समोर बारावीची पोरं, स्पर्धा परीक्षावाले, अन् मागे ग्रामपंचायतीचे दोन-तीन जुने सदस्य. दोन गोष्टी अडल्या. 2014 मध्ये व्हिक्टर ओर्बानच्या फिदेस आघाडीला पक्षाच्या यादीवर जेमतेम 45 टक्के मतं, मग 199 पैकी 133 जागा कशा? अन् पहिल्या महायुद्धानंतर ज्यानं हंगेरीचा बराच मुलूख गेला, त्या त्रियानोंच्या तहाला शंभरावर वर्षं झाली, तरी तो प्रचारात का असतो? नकाशा कसा दाखवावा तेही सांगा.

मतमोजणी
सदस्यांना हे लवकर समजेल. थेट सरपंच निवडीत आपण सरपंचाला वेगळं मत देतो नं, तशीच तिथे दोन मतं : एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला. जागा 106 अन् 93; यादीच्या जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात. आधी संसद 386 ची होती, मतदानाच्या दोन फेऱ्या व्हायच्या. 2014 पासून एकच फेरी, पुढे असेल तो निवडून. विरोधक फुटलेले असले की 45 टक्क्यांचा पक्ष बहुतेक मतदारसंघ मारून नेतो. फिदेसने 106 पैकी 96 नेले. उरलेल्या 37 जागा यादीतून.

खरी गोम यादीतच आहे. फळ्यावर हे गणित मांडा : अ ला 25,000, ब ला 15,000, क ला 8,000. अ निवडून आला. ब अन् क ची मतं वाया जात नाहीत, त्यांच्या पक्षांच्या यादीत जमा होतात. इथवर ठीक. पण अ ला जिंकायला 15,001 पुरेशी होती, म्हणून वरची 9,999 मतंही अ च्या यादीला मिळतात. म्हणजे जिंकणाऱ्यालाच भरपाई! 2014 मध्ये यानं फिदेसला साधारण सहा जागा जास्त मिळाल्याचा हिशोब आहे.

यादीसाठी किमान 5 टक्के मतं लागतात. दोन पक्षांची संयुक्त यादी असेल तर 10, तीन किंवा जास्त असतील तर 15. "सगळे एकत्र का आले नाहीत" असं पोरं विचारतीलच, तेव्हा हे कामी येईल.

नकाशावाला
आकार सांगायला विदर्भच धरा. विदर्भ सुमारे 97,000 चौ. किमी, आजची हंगेरी 93,000. तहाआधी क्रोएशिया सोडून 2,82,000 च्या वर होती. लोकसंख्या 1 कोटी 82 लाखांवरून 76 लाखांवर आली. सही 4 जून 1920.

चूक होते ती इथे : गेलेला सगळा मुलूख हंगेरियनच होता, असं समजू नका. 1910 च्या शिरगणतीत क्रोएशिया सोडूनही हंगेरियन मातृभाषेचे 54 टक्केच होते. बाकी रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन वगैरे. क्रोएशिया धरला तर निम्म्याहून कमी. अन् 1907 च्या कायद्यानं त्यांच्या शाळांत हंगेरियन रेटली जात होती, हेही सांगाच. पण तहानंतर 30 लाखांवर हंगेरियन सीमेपलीकडे राहिले, हेही तितकंच खरं.

नकाशात दोन रंग वापरा. एक सीमेलगतच्या पट्ट्याला, जसा दक्षिण स्लोव्हाकिया. दुसरा सेकेय या हंगेरियन बोलणाऱ्या लोकांच्या प्रदेशाला; तो रुमानियाच्या ऐन मध्यात आहे. फक्त हंगेरियन वस्तीप्रमाणे रेघ ओढली असती तरी सेकेय लोक हंगेरीला जोडून राहिले नसते.

याची वेगळ्या विदर्भाशी तुलना कोणी केली तर तिथेच थांबवा. आपला प्रश्न एका देशातल्या राज्याचा आहे. योगायोग मात्र सांगण्यासारखा : 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, त्याच दिवशी हंगेरीचा पंतप्रधान इम्रे नॉजने वॉर्सा करार (सोव्हिएत गटाचा लष्करी करार) सोडल्याचं जाहीर केलं. 4 तारखेला सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टवर हल्ला केला.

अभ्यासिका_आर्णी
सीमेपलीकडच्या हंगेरियनांनाही मत असतं म्हणे. मग त्यांच्या मतांवर सरकार येतं असं म्हणू का?

टपाली_मत
नका म्हणू दादा, तसं नाही. 2004 च्या सार्वमतात त्यांना दुहेरी नागरिकत्व द्यायचा प्रस्ताव कमी मतदानामुळे पडला होता. 2010 मध्ये फिदेसने तोच कायदा केला, अन् 4 जून हा राष्ट्रीय एकतेचा दिवस ठरवला. 2017 पर्यंत दहा लाखांवर लोकांनी नागरिकत्व घेतलं, सगळ्यात जास्त रुमानिया-सर्बियातले. स्लोव्हाकियाने "दुसरं घ्याल तर आमचं जाईल" असा कायदा केला, म्हणून तिथून कमी.

हंगेरीत पत्ता नसलेल्यांना फक्त यादीचं मत, तेही टपालानं. 2014 मध्ये त्यातली सुमारे 95 टक्के फिदेसला गेली, पण जागा मिळाली जेमतेम एक. सरकार तिच्यावर नव्हतं. पण 199 चे दोन तृतीयांश म्हणजे 133, अन् जागा मिळाल्या बरोबर 133! तेवढ्या हातात असल्या की राज्यघटनाही बदलता येते. फेब्रुवारी 2015 मध्ये फिदेसवाले वेस्प्रेमची पोटनिवडणूक हरले अन् तो आकडा गेला.

उलट, हंगेरीत पत्ता असून लंडनमध्ये काम करणाऱ्याला टपाल नाही, दूतावासात जाऊन मत द्यावं लागतं. फिदेसच्या विरोधकांची खरी तक्रार हीच होती.

उच्चारही सांभाळा : हंगेरियनमध्ये s म्हणजे श, sz म्हणजे स. म्हणून फिदेस, पण बुडापेश्त. नाव आपल्या मतदार यादीसारखं, आडनाव आधी : ओर्बान व्हिक्टोर.