मदत हवी आहे: नाव कोरलेले आय.डी.एस.एम. शौर्यपदक अस्सल आहे का, हे कसे ताडून पाहावे?

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींची पदके मी गोळा करतो. सध्या चार पदकांचा एक संच पाहण्यासाठी माझ्याकडे आला आहे. घ्यायचा की परत करायचा, हे त्यातल्या एका पदकावर अडले आहे. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

संचात इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल (आय.डी.एस.एम.), १९१४-१५ चा तारा, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल आहे. चारही पदकांवर एकाच शिपायाचे नाव आणि एकच नंबर आहे. पलटण ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण त्याचे वंशज हयात असू शकतात. ही पलटण सहाव्या (पुणे) डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होती आणि कुतच्या वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले आणि उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. त्या मोहिमेतल्या साध्या शिपायाचे शौर्यपदक समोर असताना नुसत्या अंदाजावर हो किंवा नाही म्हणायला मन तयार होत नाही.

आतापर्यंत जे पाहिले ते सांगतो. आय.डी.एस.एम. वर पाचव्या जॉर्जची छबी आहे आणि लेखात कैसर-इ-हिंद आहे. मागे पानांच्या चक्रात ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’. फीत किरमिजी, दोन्ही कडांना गडद निळी, पण ती नवीन दिसते. फितीला मी महत्त्व देत नाही, ती केव्हाही बदलता येते. बाकीची तीन पदके मला निर्धोक वाटतात. अक्षरे ठशांनी ठोकलेली, झीज सारखी, ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे.

शंका तीन आहेत.

पहिली, आय.डी.एस.एम. च्या कडेवरची अक्षरे ठोकलेली नसून कोरणीने कोरलेली आहेत. बाकी तिन्ही पदकांपेक्षा हे एकच वेगळे असावे, हे खटकते. दुसरी, पदक लटकवण्याची नक्षीदार दांडी आहे तिथला सांधा जरा सैल आहे. तिसरी शंका मला सर्वांत जास्त छळते. भारत सरकारच्या गॅझेटमधल्या आय.डी.एस.एम. यादीत याच नावाचा, याच पलटणीचा शिपाई सापडला, पण माझ्याकडच्या छायाप्रतीत नंबर वाचता येत नाही. मराठा पलटणीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे किती शिपाई असत, हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

तर यादीत नाव आहे एवढ्यावर पदक अस्सल धरावे का? नसेल, तर पुढे नेमके काय तपासू?

प्रतिसाद

धागाकर्ते, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही. यादी त्या माणसाला पदक मिळाले हे सिद्ध करते. तुमच्या हातातला चांदीचा तुकडा तेच पदक आहे, हे यादी सांगूच शकत नाही. ज्याला बनावट करायची आहे तोही हीच यादी उघडून बसतो. उलट खरे नाव घातलेली बनावट सर्वांत घातक, कारण कागद तिच्या बाजूने बोलतात. म्हणून माणूस, धातू आणि अक्षरे यांचा तपास वेगवेगळा करा आणि तिन्ही निकाल हाती आल्यावरच एकत्र मांडा.

कोरीव अक्षरांमुळे घाबरू नका. मोहिमेची पदके युद्धानंतर मोठ्या संख्येने तयार झाली आणि त्यांवर नावेही एकगठ्ठा पडली. शौर्यपदक वेगळ्या वेळी, वेगळ्या हातून नाव घेऊन येते. त्यामुळे एकाच संचात दोन पद्धती दिसणे हा दोष नाही. खरा प्रश्न, ही अक्षरे मूळ कडेवर कोरली आहेत की आधीचे नाव घासून काढल्यावर.

दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरपा पाडा. कोरलेल्या अक्षराची घळ खाली निमुळती होत जाते, कारण तिथला धातू निघून गेलेला असतो. ठोकलेल्या अक्षरात धातू बाजूला सरकतो, म्हणून अक्षराच्या काठाला बारीकसा फुगवटा जाणवतो. मग कडेवरचे ठोके शोधा. छातीवर पदके एकमेकांवर आपटून कडेला खोक पडतात. एखादी खोक अक्षरावरून गेली असेल आणि अक्षराची रेघ तिथे दबली असेल, तर अक्षर आधीचे. अक्षराची रेघ खोकेच्या आत स्वच्छ उतरली असेल, तर खोक जुनी आणि नाव नंतरचे. एवढ्या एका निरीक्षणावर मी पदके परत केलेली आहेत. कागदपत्रांपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

घासलेल्या पदकाचा व्यास कमी होतो. आय.डी.एस.एम. चा व्यास ३६ मिलिमीटरच्या आसपास असतो. व्हर्निअर कॅलिपरने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ३ ते ९, २ ते ८ आणि ४ ते १० अशा रेषांवर मोजा. मापांत फरक आला तर एका बाजूने कड खाल्ली आहे. फरक आला नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, कारण लेथवर फिरवून घासले तर सगळीकडून सारखेच कमी होते. तेव्हा दर्शनी बाजूची उंच किनार पाहा, ती अस्सल नगापेक्षा अरुंद झालेली दिसते. सैल सांधा एकटा काही सांगत नाही. पण सैल सांधा, अरुंद किनार आणि कडेवर समांतर बारीक ओरखडे असे तिन्ही मिळाले, तर पदक परत करा.

आणि कृपा करून पॉलिश करू नका. अक्षरांच्या घळीतला जुना मळ हाही पुरावाच आहे.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. थोडी भर घालते.

आधी काळाचा मेळ बसतो का ते पाहावे. हे पदक १९०७ साली सुरू झाले आणि १९४७ नंतर दिले गेले नाही. १९२२ च्या फेररचनेत ११० वी पलटण ही ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणजे ‘११०’ हा आकडा आणि त्यानंतर गादीवर आलेल्या सहाव्या जॉर्जची छबी एकाच पदकावर आली, तर ते बनावट, भिंग काढायचीही गरज नाही. तुमच्या पदकात पाचवा जॉर्ज, कैसर-इ-हिंद आणि ११० वी पलटण हे तिन्ही जुळते. अर्थात यातून ओबडधोबड बनावट तेवढी बाद होते.

साच्यात ओतून केलेली नक्कल ओळखायला वजन आणि घनता तपासा. पदक दोऱ्याने पाण्यात टांगून वजन घेतले की घनता काढता येते. स्टर्लिंग चांदीची साधारण १०.३ ते १०.४ येते. ओतीव नक्कल थंड होताना आकसते, तिचे तपशील बोथट होतात आणि पार्श्वभूमीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. मात्र चांदीचे अस्सल पदक घासून दुसऱ्याचे नाव घातले असेल, तर घनता बरोबरच येणार हे लक्षात ठेवा.

बाकी संचाबद्दल सांगायचे तर तारा मिळालेल्याला ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल मिळायचेच, त्यामुळे ती तिन्ही एकत्र असणे रास्त आहे. वॉर मेडल चांदीचे आहे हेही बरोबर. काशाची वॉर मेडल मजूर दलांतल्या लोकांना दिली गेली, लढाऊ शिपायाच्या नावाने काशाचे आले असते तर मी थांबले असते.

नंबरसाठी छायाप्रतीवर डोळे फोडू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून त्या पानाची स्वच्छ प्रत मागवा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातही लष्करी कागद आहेत. लंडन गॅझेटमध्ये नाव मिळाले नाही तर निराश होऊ नका, आपली यादी भारत सरकारच्या गॅझेटमधली आहे. शिपाई युद्धात किंवा कैदेत वारला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी पाहा. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. सारख्या नावाचे दोन शिपाई वेगळे करायला याहून चांगला मार्ग नाही.

अवांतर, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत पडलेल्यांच्या बसरा स्मारकाच्या भिंतीवर हिंदी शिपायांची नावे नाहीत, फक्त संख्या आहे. तिथे पडलेल्या कितीतरी मराठा शिपायांचे नाव धातूत उमटले ते पदकाच्या कडेवरच. ते घासून दुसरे नाव घालणे याला मी फसवणूक एवढेच म्हणणार नाही, त्यात एका माणसाची खूण पुसली जाते.

आणखी एक. तज्ज्ञाला दाखवायला पदक परदेशी पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू येते आणि तिच्या निर्यातीवर बंधन आहे. कडेचे जवळून काढलेले फोटो पाठवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार.

सांगितल्याप्रमाणे भिंगाखाली पाहिले. पलटणीच्या आकड्यावर एक खोक आहे आणि तिच्याखाली अक्षराची रेघ दबलेली स्पष्ट दिसते. म्हणजे अक्षर आधीचे. तिन्ही रेषांवर व्यास सारखा भरला आणि कडेवर समांतर ओरखडे नाहीत. घळीतला मळ तसाच ठेवला आहे. ताई, घनताही तुम्ही दिलेल्या मर्यादेत आली. राष्ट्रीय अभिलेखागाराकडे स्वच्छ प्रतीसाठी अर्ज केला आहे.

तरी एक गोष्ट उरते. दर्शनी किनार अरुंद आहे की नाही हे ठरवायला अस्सल नग शेजारी हवा आणि तो माझ्याजवळ नाही. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या छबीचे, पहिल्या महायुद्धातले, खात्रीचे आय.डी.एस.एम. कुणाकडे असेल तर दर्शनी बाजूचा आणि कडेचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून इथे टाकाल का? मराठा पलटणीचेच हवे असे नाही. नावावर कागद चिकटवून झाकले तरी चालेल, मला अक्षरांची घडण आणि किनारीची रुंदी पाहायची आहे. अभिलेखागाराची प्रत येईपर्यंत संच राखून ठेवायला मालक तयार आहेत. नंबर जुळला नाही, तर बाकी सगळे ठीक असूनही मी तो परत करणार आहे.