विद्यापीठातील अनुसूचित जमातीची राखीव जागा : शहरात वाढलेल्या उमेदवाराने जमात कशी सिद्ध करावी?

घाटपायथा (प्रश्न)

नमस्कार. एका विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकाच्या, अनुसूचित जमातीसाठी राखीव असलेल्या जागेसाठी मी अर्ज करत आहे आणि त्यासाठी माझ्या जमातीच्या दाखल्याच्या वैधतेचा प्रस्ताव, असे दाखले पडताळणाऱ्या तपासणी समितीकडे द्यायचा आहे. आम्ही ठाकूर. आजोबा कर्जत तालुक्यातील एका ठाकूरवाडीचे. वडील रेल्वेत खुल्या भरतीतून लागले, आम्ही भावंडे कल्याणला वाढलो. घरात आजवर कोणी राखीव जागेचा लाभ घेतला नाही, त्यामुळे वडिलांकडच्या कोणाकडेही वैधता प्रमाणपत्र नाही.

आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा १९३८ चा उतारा माझ्याकडे आहे आणि त्यात जातीच्या रकान्यात ‘ठाकूर’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. मात्र धाकट्या काकांच्या १९६४ च्या नोंदीत ‘हिंदू मराठा’ असे आले आहे. ते कोणी आणि का लिहिले, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही. ही एक नोंद पूर्ण दाव्याला बाधक ठरेल का?

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते आहे. समितीचे चौकशी करणारे दक्षता पथक घरी येऊन कुलदैवत, लग्नातले विधी, बोली, सण यांविषयी विचारते असे ऐकले आहे. मला ठाकरी बोली समजते, पण बोलता येत नाही. आजी गेल्यावर वाडीवर जाणेही कमी झाले. जे माझ्या हातून सुटले, ते मी पाठ करून सांगावे का? तसे करणे मला खोटेपणाचे वाटते.

वकील, नाशिक

ताई, पाठ करू नका. जे येत नाही ते येत नाही असे सांगा आणि कुटुंब वाडीवरून केव्हा व कशासाठी निघाले, हे शपथपत्रात तारखांसह लिहा.

आपल्याकडची तपासणीची पद्धत १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातून आली. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर घेतलेल्या वैद्यकीय प्रवेशाचे ते प्रकरण होते. त्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समिती, तिच्या हाताखाली दक्षता पथक आणि जमातीच्या चालीरीतींची चौकशी अशी रचना घालून दिली. पुढे राज्याचा कायदा आला आणि २००३ मध्ये अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र नियम झाले. या कायद्याच्या कलम ८ नुसार दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो, म्हणून कागदांची तयारी आपणच करायची.

चालीरीतींच्या चौकशीला आप्तभाव चाचणी म्हणतात. अनेक वर्षे असे होत आले की आजोबांचा जुना उतारा बाजूला राही आणि नातवाला विधी सांगता आले नाहीत एवढ्यावर दावा अवैध ठरे. २०११ च्या आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. स्थलांतर, शिक्षण आणि इतर समाजांशी आलेला संपर्क यांमुळे जुनी वैशिष्ट्ये पुसट होऊ शकतात, म्हणून ही चाचणी दाव्याचा निर्णायक निकष मानता येत नाही; आणि स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुराव्याचे मूल्य नंतरच्या कागदांपेक्षा अधिक आहे. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच पुन्हा स्पष्ट केले, आणि तो निर्णय ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणातला आहे. सादर केलेल्या कागदांवर समितीचे समाधान होत नसेल तरच प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवावे, प्रत्येक प्रकरणात सरसकट नव्हे, असे त्यात म्हटले आहे. निकालाची प्रत प्रस्तावासोबत जोडा.

‘ठाकूर’ या शब्दाची एक वेगळी अडचण आहे. हे नाव इतर काही समाजांतही पदवी म्हणून चालते, त्यामुळे नुसती ‘ठाकूर’ नोंद जमातीचीच कशावरून, असा आक्षेप येतो. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर ही सारी नावे एकाच क्रमांकाखाली आहेत. आपल्या बाजूने मूळ गाव बोलेल. जमातीची मान्यता ठरावीक भागांपुरतीच ठेवणारे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्तीने उठण्यापूर्वीही कर्जत तालुका ठाकूर जमातीच्या क्षेत्रात होता, म्हणून आजोबांचे तिथले वास्तव्य दाखवणारे सातबारा, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकाचा उतारा, जे मिळेल ते तहसील कार्यालयातून काढा.

काकांची नोंद लपवू नका आणि आता दुरुस्त करून घेण्याच्या मागेही लागू नका, कारण पथक ते रजिस्टर पाहतेच आणि उशिरा केलेली दुरुस्ती संशय वाढवते. त्याऐवजी त्याच रजिस्टरमध्ये त्या वर्षी वाडीवरच्या इतर मुलांपुढे काय लिहिले आहे ते पाहून या. पथकाचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत आणि खुलाशाची संधी मिळणे हा आपला हक्क आहे. समितीच्या आदेशाविरुद्ध फक्त उच्च न्यायालयात जाता येते.

अकोले तालुका

मी महादेव कोळी आहे आणि महाविद्यालयात शिकवतो. ताईंचा दावा खरा दिसतो, तरी ही तपासणी इतकी कडक का झाली हे इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. राज्याच्या सेवेत आमच्या वाट्याला सात टक्के येतात. विद्यापीठाच्या एखाद्या विभागात याचा अर्थ कित्येक वर्षांतून एक जागा. नावातल्या साम्यावर दुसऱ्या कोणी ती घेतली, तर ती व्यक्ती निवृत्त होईपर्यंत आमच्या मुलांना दार बंद. माझ्याबरोबर शिकलेल्या एका हुशार मित्राने अशा जागेची वाट पाहत वयोमर्यादा ओलांडली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने अवैध दाव्यावर मिळालेला लाभ कायम ठेवता येणार नाही असे ठरवले, तेव्हा आमच्या भागात लोकांना प्रथमच वाटले की कोणी ऐकले. पुढे डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज निर्माण केलेल्या जादा पदांवर घेतले. जागा रिकाम्या होण्याची वाट मोकळी झाली, पण ती माणसे सेवेत राहिलीच.

म्हणून ताई, प्रश्न विचारले गेले तर अपमान मानू नका. एक मात्र करा. वाघबारशीला वाडीवर जा. समितीला दाखवण्यासाठी नको, तिथल्या वृद्धांना तुमच्या आजोबांचे नाव अजून आठवते तोवर त्यांच्याशी बोलण्यासाठी जा.

सास्काटूनवासी

मी कॅनडात विद्यापीठात काम करतो. येथे उलटी वाट दिसली. आदिवासींसाठीच्या पदांवर उमेदवाराचे स्वतःचे सांगणे पुरेसे मानले जाई. २०२१ मध्ये सास्कॅचेवान विद्यापीठातील एका प्राध्यापिकेच्या आदिवासी असण्याच्या दाव्याला आधार नसल्याचे वृत्त आले आणि २०२२ मध्ये विद्यापीठाने पुरावा मागणारे धोरण स्वीकारले. त्या धोरणाचे नावच तीन स्थानिक भाषांत ‘सत्य’ असे आहे. मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांच्या हक्कांबाबत येथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाउली खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या होत्या : स्वतःची ओळख, पूर्वजांशी नाते आणि आजच्या समुदायाची मान्यता. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सरकारी नोंदवही एकटी पुरत नाही, कारण १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टखाली बाहेर लग्न केलेल्या आदिवासी स्त्रियांचा दर्जा १९८५ पर्यंत काढून घेतला जात असे.

घाटपायथा

सर्वांचे मनापासून आभार. वाडीवर आणि काकांच्या शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापकांनी १९६४ चे रजिस्टर समोर ठेवले. त्या जूनमध्ये वाडीवरच्या सात मुलांची नावे दाखल झाली होती आणि सातही नावांपुढे एकाच हस्ताक्षरात ‘हिंदू मराठा’ लिहिलेले होते. त्यांपैकी दोघांच्या मुलांना आज ठाकूर जमातीचे वैधता प्रमाणपत्र मिळालेले आहे. ते आमचे रक्ताचे नातलग नाहीत, पण त्यांची वैधता आणि त्या पानाची साक्षांकित प्रत मी प्रस्तावाला जोडली. बोलीबद्दल शपथपत्रात खरे तेच लिहिले : समजते, बोलता येत नाही.