२६ जून : आमच्या कोल्हापूरची जोडी

एकाच तारखेला जन्मलेल्या नामवंतांच्या जोड्यांची यादी करायची, तर २ ऑक्टोबरची गांधीजी-शास्त्रीजींची जोडी सगळ्यांना आठवतेच. माझ्याकडून २६ जून. राजर्षी शाहू महाराज १८७४ चे आणि गायक-नट बालगंधर्व १८८८ चे, म्हणजे बरोबर चौदा वर्षांचं अंतर.

तारीख एकच हा योगायोग झाला, पण या दोघांचा खरोखर संबंध आला. नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, पोरसवदा असताना महाराजांनी त्यांचं गाणं ऐकलं. कानाने कमी ऐकू येतंय हे कळल्यावर उपचारांसाठी मिरजेला पाठवलं. पुढे १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, त्यामागेही महाराजच होते. राजाने एका पोराच्या कानाची काळजी करावी, हे मला आजही फार मोठं वाटतं.

२६ जूनला कोल्हापूरच्या दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला सकाळपासून गर्दी असते, बऱ्याचदा पावसात. आमचे आजोबा तिथून भिजून घरी आले की टोपी खुंटीला अडकवायचे आणि बालगंधर्वांची रेकॉर्ड लावायचे. शाळेत असेपर्यंत मला वाटायचं, सगळीकडे २६ जून असाच असतो.

आणि गायक-नट केशवराव भोसल्यांची ९ ऑगस्टही यादीत घ्या. त्या दिवशी आणखी कोण जन्मलं, कुणी सांगेल का?