मदत हवी आहे: वॉरफरिनच्या डेटात लूप येतोय, इफेक्ट कंपार्टमेंट लावू की इनडायरेक्ट रिस्पॉन्स?

नमस्कार मंडळी. मी एम.फार्म करतोय, फोंड्याला राहतो, चवथीच्या सुट्टीआधी सेमिनार आहे आणि एका ग्राफवर गाडी अडकलीय. सरावाचा डेटा आहे, वॉरफरिनचा (रक्त गोठू न देणारं औषध) तोंडातून एकच डोस, मग रक्तातली कॉन्सन्ट्रेशन आणि प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे पीसीए, थोडक्यात रक्त किती गोठू शकतं त्याचं माप. कॉन्सन्ट्रेशन पहिल्या दिवसातच वर जाऊन उतरायला लागते, पण पीसीए सगळ्यात खाली जातो तो दुसऱ्या दिवशी, आणि मग पुढे कितीतरी दिवस हळूहळू वर येत बसतो. पीसीए किती पडला ते एका अक्षावर आणि कॉन्सन्ट्रेशन दुसऱ्यावर घेतली की घड्याळाच्या उलट दिशेने मोठा लूप मिळतो. म्हणजे चढताना आणि उतरताना कॉन्सन्ट्रेशन तीच, पण चढताना परिणाम जवळजवळ शून्य आणि उतरताना भरपूर. साधं ईमॅक्स (कॉन्सन्ट्रेशनवरून थेट परिणाम सांगणारं समीकरण) बसणार कसं, एका एक्सला दोन वाय!

सर म्हणाले हिस्टेरेसिस (हाच लूप) आहे, मॉडेल तू निवड आणि का निवडलंस ते सांग. ते "का"च सुचत नाहीये. इफेक्ट कंपार्टमेंट लावलं तर लूप मिटतोय, इनडायरेक्ट रिस्पॉन्स लावलं तरी मिटतोय. आता काय करू?

भुलीवाला_म्हापसा: इफेक्ट कंपार्टमेंट लाव आणि मोकळा हो. आम्ही भूल देताना रोज तेच वापरतो. 1979 मध्ये शायनर आणि मंडळींनी ट्यूबोक्युरारिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधासाठी मांडलं होतं, रक्ताच्या बाजूला एक काल्पनिक छोटा कप्पा, औषध त्यात केईझीरो या वेगाने पोचतं, आणि परिणाम त्या कप्प्यातल्या कॉन्सन्ट्रेशनवर चालतो. फेंटॅनिल या वेदनाशामकाला पोचायला काही मिनिटं लागतात, अल्फेंटॅनिल त्याहून बरंच झटपट, म्हणून ट्यूब घालताना फेंटॅनिल जरा आधी द्यावं लागतं.

डिचोलीची_फार्मसिस्ट: दादा, तुमच्या थिएटरात ते बरोबर, पण वॉरफरिनला नको. धागाकर्त्या, तुझ्या फिटमध्ये केईझीरोचं हाफ-लाइफ (निम्मं काम व्हायला लागणारा वेळ) किती येतंय बघ. कित्येक तास येत असणार. आता मला सांग, औषध रक्तातून यकृतात जायला एवढा वेळ लागतो का? ते केव्हाच पोचलंय आणि व्हिटॅमिन के वाला एन्झाइम अडवूनही बसलंय. उशीर होतो तो पुढे. वॉरफरिन नवीन फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) बनणं थांबवतं, रक्तात आधीच फिरणारे जे फॅक्टर आहेत त्यांना हातसुद्धा लावत नाही. टाकीचा नळ बंद केला तरी टाकी उपसायला जो वेळ लागायचा तो लागतोच. सातव्या फॅक्टरचं हाफ-लाइफ साधारण 6 तास, प्रोथ्रॉम्बिन या फॅक्टरचं 60 तासांच्या वर. म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) सातव्यामुळे लवकर हलतो आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं, पण प्रोथ्रॉम्बिन अजून तसंच असतं, वर गाठी रोखणारं प्रोटीन सी पण लवकर घसरतं. म्हणूनच रक्तात गाठ झालेल्या पेशंटला सुरुवातीला हेपरिन (लगेच चालणारं इंजेक्शन) निदान 5 दिवस सोबत चालू ठेवतात.

तुझं मॉडेल म्हणजे 1993 चं डायनेका, गर्ग आणि जस्को यांचं इनडायरेक्ट रिस्पॉन्स, म्हणजे औषध एखाद्या गोष्टीच्या उत्पादनावर किंवा नाशावर चालतं असं मानणारं; त्याच्या चार प्रकारांतलं "उत्पादन रोखणारं".

धागाकर्ता: ताई हे पटलं, पण परीक्षक विचारणारच की नुसत्या डेटावरून दोन मॉडेल्स वेगळी कशी ओळखणार?

डिचोलीची_फार्मसिस्ट: दोन-तीन वेगवेगळे डोस असले तर सोपं आहे. पीके (शरीरात औषधाची कॉन्सन्ट्रेशन कशी बदलते ते) लिनियर, म्हणजे डोसच्या प्रमाणात, असेल तर इफेक्ट कंपार्टमेंटमध्ये डोस वाढवला तरी परिणामाचा पीक त्याच वेळेला येतो, फक्त उंच होतो. इनडायरेक्टमध्ये मोठा डोस जास्त वेळ उत्पादन अडवून धरतो, म्हणून पीक पुढे पुढे सरकतो. तुझ्याकडे एकच डोस आहे, तेव्हा हा ग्राफ सिम्युलेशन करून दाखव आणि निवडीचं कारण यंत्रणेवरून दे. आणि केआउटचं (फॅक्टर नष्ट होण्याचा वेग) हाफ-लाइफ 6 तास आणि 60 तास यांच्या मधेच कुठेतरी आलं तर घाबरू नको, पीसीए ही अनेक फॅक्टरांची खिचडी आहे.

भुलीवाला_म्हापसा: मान्य. एक भर घालतो, लूप उलटा म्हणजे घड्याळाच्या दिशेने आला असता तर टॉलरन्सचा (शरीराला औषधाची सवय होण्याचा) संशय घ्यायचा. आणि रक्त धमनीतलं की शिरेतलं हेही बघायचं, झटपट चालणाऱ्या औषधात नुसत्या शिरेतल्या सॅम्पलमुळेसुद्धा लूप दिसतो.

पेडणेकर_७७: मधेच विचारतो, माफी असावी. आईची हीच गोळी परवा वाढवली, आज आयएनआर जवळपास तेवढाच. गोळी खराब असेल काय?

डिचोलीची_फार्मसिस्ट: नाही हो काका, वरचंच कारण. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला बरेच दिवस जातात. आपल्या मनाने अजून वाढवू नका हं, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला परत तपासा, आणि हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी दिसली तर थांबू नका, लगेच दाखवा.

धागाकर्ता: शेवटचं एक, फिट सारखं फुटतंय, केइन (उत्पादनाचा वेग) भलतंच काहीतरी येतं.

डिचोलीची_फार्मसिस्ट: केइन मोकळं सोडू नको. औषध नसताना पीसीए स्थिर असतो, म्हणजे केइन = बेसलाइन गुणिले केआउट. बेसलाइन 100 च्या आसपास धर, आधी पीके बसवून गोठव आणि मग फक्त केआउट आणि आयसी50 (उत्पादन निम्म्यावर आणणारी कॉन्सन्ट्रेशन) शोध.

धागाकर्ता: चाललं! आता लाईट राहिली तर आजच तीन डोसांचं सिम्युलेशन काढून ग्राफ इथेच टाकतो.