वडिलांच्या स्मृतिलेखात व्यवसायाविषयी किती लिहावे?

प्रश्न: वडील नुकतेच गेले. शोकसभेसाठी लिहायला बसलो की व्यवसायाचाच पसारा पुढे येतो आणि घरातले वडील मागे पडतात. दोन्ही एकत्र कसे आणावे?

उत्तर: वेगळे काढूच नये. माझे वडील हिशेब जुळल्याशिवाय उठत नसत, पण आमच्या परीक्षांच्या काळात तीच वही घरी आणून आमच्या शेजारी बसत; मी नेमके तेच लिहिले.

दुसरे उत्तर: जुन्या कामगारांशी अवश्य बोला. मंदीत सर्वांचे पगार देऊन मालकाने स्वतःसाठी धंद्यातून पैसे घेणे थांबवले होते, अशा गोष्टी घरच्यांना बहुधा ठाऊकच नसतात. उधारीच्या वहीच्या समासातले वडिलांच्या हातचे शेरेही वाचा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आमच्या जुन्या हिशेबनिसांना आजच फोन करतो.