लग्नाच्या व्हिसाची मुलाखत: तुम्ही तयारी कशी केली?

माझ्या चुलत बहिणीचं लग्न गेल्या वर्षी झालं. जावई अमेरिकेचे नागरिक, आमची पोरगी वरुड तालुक्यातली, संत्र्याच्या बागेत वाढलेली. आता मुंबईच्या मुलाखतीची तारीख आली आणि घरात सगळ्यांना एकच घोर लागला आहे. कोणीतरी तिला प्रश्नोत्तरांची पीडीएफ पाठवली, ती रोज रात्री बारावीच्या पेपरासारखी पाठ करत बसते. मला ते पाहवत नाही. शहरातल्या लोकांचे अनुभव भरपूर मिळतात, खेड्यातून गेलेल्यांचे फार कमी. म्हणून आपल्या भागातल्यांनी लिहावं अशी विनंती. सुरुवात मी करते.

मीही अशाच मुलाखतीला गेले होते, तेव्हा माझा सगळा जीव नावात अडकला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने माझा जन्म आजोळी झाला, नोंदही तिथल्याच ग्रामपंचायतीत. दाखला काढला तर मुलीच्या नावाचा रकाना कोरा! शाळेच्या टीसीवर एक नाव, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं सासरचं दुसरं. हौसेने मी आधारवर नवं नाव करून घेतलं, पासपोर्ट मात्र माहेरच्याच नावाचा राहिला. हे सगळं एका रेषेत आणायला तीन महिने गेले. लग्नाची नोंद ग्रामसेवकांकडे केली: तीन साक्षीदार, लग्न लावणारे गुरुजी, पत्रिका, फोटो. ज्यांचं लग्न ठरलं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, नोंद त्याच आठवड्यात करा आणि व्हिसा हाती येईपर्यंत कुठल्याही कागदावरचं नाव बदलू नका.

मुलाखत खिडकीपाशी उभ्याउभ्या झाली. पाच-सहा प्रश्न, तेही मराठीत. लग्न कसं जुळलं, नवरा काय काम करतो, त्याच्या घरी कोण कोण आहे. पाठ केलेलं काहीच कामी आलं नाही.

आर्णीकडून

आमचा संसार लग्नानंतर एकूण एकोणीस दिवसांचा. त्यानंतर ते टेक्सासला आणि मी सासरी, सासूबाईंसोबत. सोबत राहिल्याचा पुरावा आणायचा कुठून? भाड्याचा करार नाही, एकत्र बँक खातं नाही. आमच्याकडे होता तो फोन. पहाटे साडेपाचला मी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ जायची, रेंज तिथेच मिळते. तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असायचे, ते स्वयंपाक करत बोलायचे. दीड वर्षाच्या कॉलची यादी आम्ही छापली नाही. दर महिन्याचं एक-एक पान घेतलं, जाण्या-येण्याची तिकिटं लावली, आणि 2023च्या अधिक महिन्यात ते आले तेव्हाचा फोटो. माझी आजी त्यांना अनारशांचं वाण देते आहे, मागे बैल, अल्बमवाल्याचं काही नाही.

खिडकीतून विचारलं, "नवरा घरी आल्यावर काय करतो?" मी आपल्या बोलीत सांगितलं, "सांबार निवडत बसते थे, अन् मी बोलत राहतो." दुभाष्या बाईंना वाटलं डोशासोबतचं सांबार. ते निवडतात कसं? मी म्हटलं, अवो कोथिंबीर! मग सांबारवडीचं सांगितलं, त्यांना ती जमत नाही, पुड फुटते, मी फोनवरून सांगत असते. अधिकारी फोटो बघत बघत ऐकत होते. अजून दोन प्रश्न झाले आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं.

बोली बदलायला जाऊ नका. माझी घरची भाषा बोलले म्हणून माझ्या तोंडून खरं ते आलं.

चांदूर रेल्वे तालुक्यातून

मी उलट बाजूचा. बायको नागरिक, जाणारा मी. गावात "घरजावई चालला" हे रोज ऐकलं, त्याचा त्रास झालाच. पण खरी अडचण पैशाची होती. तिने नुकतंच शिक्षण संपवलेलं, आणि आर्थिक हमीच्या आय-864 फॉर्मसाठी तिथल्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. ते भरत नव्हतं. शेवटी तिच्या मामांनी सहहमीदार म्हणून सही केली. हे आधी कळलं असतं तर चार महिने वाचले असते.

आम्ही रविवारी फोनवर बसायचो आणि एकमेकांच्या घरची माहिती अक्षरशः लिहून काढायचो. त्यातच सापडलं की तिला आमची शेती पाच एकर माहीत आणि मी सगळीकडे सात सांगतो. दोन्ही खरं होतं! काकांशी वाटणी झाली, सातबारा वेगळा झाला, ती गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती. माझ्या वडिलांना त्या वाटणीचं किती लागलं तेही तिला त्या दिवशी कळलं. बराच वेळ आम्ही त्याच्यावरच बोललो, फॉर्म बाजूला राहिला. मुलाखतीत शेतीचं कोणी विचारलं नाही.

यवतमाळ जिल्ह्यातून, नाव नको

माझं हे दुसरं लग्न. पहिल्याची फारकत समाजाच्या बैठकीत झाली होती, शंभराच्या स्टॅम्पवर, पाच पंचांच्या सह्यांनी. आमच्याकडे असंच होतं आणि लोक मानतात. पण वकीलबाईंनी कागद पाहून सांगितलं की व्हिसाच्या कामात कोर्टाचा हुकूमनामा लागेल, एवढ्यावर पुढचं लग्न करू नको. मग पहिल्या नवऱ्याला शोधून परस्पर संमतीचा अर्ज केला, कायद्यातली सहा महिन्यांची मुदत काढली, हुकूमनामा घेतला आणि मगच आम्ही लग्न केलं. आई रडत होती की स्थळ हातचं जाईल. ते थांबले. मुलाखतीत पहिल्या लग्नाबद्दलच जास्त विचारलं. का मोडलं तेही विचारलं. मी सांगितलं, मारत होता. लपवायचं ठरवलं असतं तर तिथे माझा आवाज फुटला नसता. ज्या बायांकडे फक्त पंचांचा कागद आहे त्यांनी आजच वकिलाला दाखवा, कृपा करा.

मेहकरकडून

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे जोडीदाराच्या व्हिसाला बहुतेकांना ए-वन पातळीचं जर्मन आधी पास व्हावं लागतं. मी पुण्याला मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली, दुसऱ्या प्रयत्नात सुटले. सोयाबीनच्या हंगामात अभ्यास होत नाही, तारीख बघून घ्या.

मूळ गाव गोंदियाजवळ, आता न्यू जर्सी

आमचं लग्न इथेच झालं, त्यामुळे ग्रीन कार्डाची मुलाखत दोघांची एकत्र. आत गेल्यावर आधी उजवा हात वर करून शपथ. मग शेजारी बसवून प्रश्न. शंका आली तर वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून पाहतात. बायकोने आमच्या पहिल्या भेटीची तारीख चुकवली. मी दुरुस्त करायला गेलो तर अधिकाऱ्याने मला थांबवलं. ती म्हणाली, "तारीख आठवत नाही, पण पाऊस होता आणि यांची चप्पल तुटली होती." तेवढं पुरलं.

आणखी एक. ग्रीन कार्ड मिळतं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत, पुढचं कार्ड मिळावं म्हणून, दोघांनी मिळून आय-751 हा फॉर्म भरायचा आणि संसार खरा असल्याचे पुरावे जोडायचे. म्हणजे पहिल्या महिन्यापासून घरभाडं, वीजबिल, बँक खातं दोघांच्या नावाने ठेवा. आमच्यात सगळं नवऱ्याच्या नावावर करायची सवय असते, ती इथे नडते.

पुलगावजवळून, मुलीचा बाप

पोरीला घेऊन विदर्भ एक्सप्रेसने गेलो. वैद्यकीय तपासणी मुलाखतीच्या आधी, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. छातीचा एक्स-रे, रक्त, लसी. लहानपणच्या लसींचं कार्ड सापडलं नाही म्हणून काही पुन्हा टोचाव्या लागल्या. पोलीस दाखल्याचं काम पासपोर्ट सेवा केंद्रातून आधीच झालं होतं.

वांद्रे-कुर्ला संकुलात वकिलातीच्या आत मोबाइल नेता येत नाही. तिचा फोन माझ्याजवळ दिला आणि ती आत गेली. मी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली बसलो. घरून बायकोचा दर दहा मिनिटांनी फोन, "आली का?" जावयाचा फोन पोरीच्या मोबाइलवर, तिकडे रात्र असूनही. दोन्ही हातांत दोन फोन. पोरगी आता अडीच वर्षं झाली तिकडे आहे. त्या दिवशी ती दारातून बाहेर आली तेव्हा फाईल छातीशी धरलेली होती, आणि ती आधी इकडेतिकडे मलाच शोधत होती.